अखंड दिव्याची वात: कापूस कोणता, पीळ किती, आणि दिवा पहाटे तीनलाच का विझतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा ठेवायचा आहे. दिवा पितळी, मधोमध वात उभी धरणारी नळी, वरून काच. तेल तिळाचं, वात पूजेच्या दुकानातली तयार. संध्याकाळी दिवा उत्तम तेवतो, मध्यरात्रीनंतर ज्योत बारीक होत जाते आणि पहाटे तीनच्या सुमारास विझते. काचेवर काजळीही धरते. तेल बदलायचं की वात?

वात. तेल तिळाचं आहे तर ते राहू द्या.

आधी तीन वाजण्याचा हिशोब बघू, कारण त्यात भुताखेताचं काही नाही. चार-पाच मिलिमीटर जाडीची वात तिळाच्या तेलावर तासाला साधारण 5 ते 6 मिली तेल पिते. रात्री नऊला वाटी काठोकाठ भरून तुम्ही झोपलात, तर तीनपर्यंत 30 ते 36 मिली तेल संपलं. वाटीचा व्यास 5 सेंटिमीटर धरला तर तेवढ्याने पातळी दीड ते पावणेदोन सेंटिमीटर खाली जाते. नऊला ज्योतीपासून तेल दीड सेंटिमीटरवर होतं, ते आता तीन-सव्वातीनवर गेलं. वात तेल वर ओढते ती तंतूंमधल्या बारीक फटींच्या जोरावर, आणि हा जोर काही वाढत नाही. चढ दुप्पट झाला की पोचणारं तेल निम्म्याहून कमी होतं. त्यातच सहा तासांत टोकावर काजळीची टोपी बसलेली असते. दोन्ही गोष्टी तीनच्या सुमारास एकत्र येतात आणि दिवा जातो.

चांगल्या वातीला हा चढ पेलतो. सैल, दमट किंवा नळीत आवळलेल्या वातीला पेलत नाही. तयार वातींमध्ये हे तिन्ही दोष सर्रास सापडतात.

कापूस

बाजारात ‘वातीचा कापूस’ म्हणून चार वेगळ्या गोष्टी मिळतात, म्हणून निवड इथूनच सुरू होते.

पहिला, औषधाच्या दुकानातला गुंडाळीचा पांढराशुभ्र कापूस. हा सोड्यात उकळून, विरंजन करून नैसर्गिक मेण काढून टाकलेला असतो, म्हणून पाण्यावर टाकला की 10 सेकंदांच्या आत बुडतो. स्वच्छ असतो, कचरा नसतो, फुलवातींना चालतो. पण जे पाणी जखमेवर टिपायचं ते तो हवेतलंही टिपतो. भाद्रपद-आश्विनातल्या दमट हवेत उघडं ठेवलेलं पुडकं हाताला कोरडं वाटतं आणि वातीत तडतडतं. शिवाय स्वस्तातल्या गुंडाळीत आखूड तंतू आणि चुरा जास्त असतो. त्याची लांब वात वळली तर जागोजाग गाठी येतात आणि मधेच तुटते.

दुसरा, सरकी काढलेला, न धुतलेला कच्चा कापूस. किंचित पिवळसर, हाताला थोडा चिकट-मऊ. याच्या तंतूवर मेणाचा अगदी पातळ थर असतो. पाणी तो सहज घेत नाही, तेल मात्र झटकन ओढतो. अखंड दिव्यासाठी याच्या तोडीचा दुसरा नाही. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात शेतकऱ्याकडून थेट मिळतो. मागताना पहिल्या वेचणीचा, कोरड्या दिवसात वेचलेला मागा. फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावर तेच पीक ठेवून घेतलेला कापूस वातीला घेऊ नये, त्यात कवडी (किडका, नीट न उमललेला कापूस) जास्त आणि तंतू कच्चा. सरकीसकट 100 ग्रॅम कापूस आणलात तर सरकी काढून 33 ते 35 ग्रॅमच हाती येतो, तेव्हा त्या बेताने घ्या. संपूर्ण नवरात्राला वीसेक ग्रॅम स्वच्छ कापूस भरपूर झाला.

परसातल्या देवकापशीचा कापूस हाही याच गटातला. सरकी हाताने सुटते, कचरा नसतो, आणि वर्षभर थोडा थोडा मिळत राहतो. दारात झाड असेल तर दुसरीकडे बघायची गरज नाही.

तिसरा, गादीवाल्याकडचा. तो घेऊ नका. जुन्या गाद्यांचा पिंजलेला, चिंध्यांचा केलेला, त्यात कृत्रिम धागा मिसळलेला असू शकतो.

चौथा, दिसायला कापूस पण मुळात उशीत भरायचा पॉलिएस्टर. सजावटीच्या, रंगीत, चमकीच्या वातींत तो डोकावतो. पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या पुढे वितळतं. ज्योतीजवळ वितळून त्याची गोळी होते, ती वातीच्या फटी बुजवते आणि काळा धूर सोडते. ओळख सोपी आहे. चिमूटभर तुकडा चिमट्यात धरून पेटवा. खरा कापूस भर्रकन जळतो, जळक्या कागदाचा वास येतो, मागे मऊ करडी राख राहते जी बोटाने चुरडते. भेसळ असेल तर आक्रसतो, थेंब गळतो, थंड झाल्यावर कडक काळा मणी राहतो. तयार वातींचं प्रत्येक नवं पाकीट उघडल्यावर एक वात अशी जाळून बघावी, दहा सेकंदांचं काम आहे.

रुईच्या कापसाबद्दलही नेहमी विचारलं जातं. विदर्भातल्या व्यापारात सरकी काढलेल्या कापसालाही रुई म्हणतात, इथे झाडाची रुई म्हणतो आहे. तिचा तंतू पोकळ, गुळगुळीत आणि तुळतुळीत असतो, त्यामुळे पीळ धरत नाही. नुसत्या रुईची वात वळल्या वळल्या उलगडते. मारुतीपुढे लावायचीच असेल तर एक भाग रुई आणि तीन भाग कापूस एकत्र पिंजून वळा. झाडावरून ताजी बोंडं काढताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, तो डोळ्याला वाईट. सावरीच्या कापसाचंही तेच, पीळ बसत नाही. कमळाच्या देठाच्या धाग्याची म्हणून विकली जाणारी वात दहा-वीस रुपयांत पाकीटभर मिळत असेल तर ती कशाची आहे हे विचारण्यात अर्थ नाही.

काचतंतूची वात जळून संपत नाही हे खरं, पण घट्ट तेलावर काजळी तिच्याही टोकावर बसते आणि साफ करणं कापसापेक्षा त्रासाचं. ती पातळ इंधनासाठी बरी. कापलीत तर हातमोजे घाला, तुसं बोटात शिरतात.

वळणं

वळण्याच्या आदल्या दिवशी कापूस दोन तास उन्हात, सुती फडक्याखाली. ऊन नसेल तर तवा तापवून गॅस बंद करा, दोन मिनिटांनी हाताला सोसेल इतका झाल्यावर त्यावर ताट आणि ताटात कापूस, दहा मिनिटं. वाळलेला कापूस लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात.

मग निवडणं. काडी, पानाचा चुरा, सरकीच्या टरफलाचे काळे ठिपके, कवडी, सगळं काढा. ठिपका लहान दिसतो, पण ज्योत त्याच्यापाशी पोचली की फुटतो आणि ठिणगी उडते. ज्याला लोक ‘दिवा फुलला’ म्हणून शकुन मानतात त्यात पुष्कळदा टरफलाचा तुकडा असतो.

आता पिंजणं. कापसाचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढायचा, दोन तुकडे एकमेकांवर ठेवायचे, पुन्हा ओढायचा. सात-आठ वेळा केलं की गुंता सुटतो आणि तंतू एका दिशेला येतात. ही पायरी गाळली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, कारण तेल तंतूंच्या लांबीने वर चढतं, आडव्या गुंत्यातून नाही. हातातला पट्टा उजेडासमोर धरला तर सगळीकडे सारखा पातळ दिसायला हवा. त्याचा सैल पेळू करा, सूत कातायला करतात तसाच, बोटाएवढा.

अखंड दिव्याच्या एका वातीला सव्वा ग्रॅमच्या आसपास कापूस लागतो. स्वयंपाकघरातला छोटा काटा असेल तर पहिल्या दोन वाती वजन करून करा, पुढे हाताला अंदाज येतो. सव्वा ग्रॅमचे दोन पेळू करा. एकेक पेळू पाटावर किंवा मांडीवर तळव्याने पुढे लोटत वळायचा, नेहमी एकाच दिशेला. एक हात वळतो, दुसरा टोक धरून हलका ताण देतो. तीनेक मिलिमीटर जाडीचे, 25 सेंटिमीटर लांबीचे दोन पदर झाले की ते शेजारी ठेवून एकत्र उलट्या दिशेला वळा. पुढच्या पिळाला मागचा पीळ अडतो, म्हणून ही दुपदरी वात सोडली तरी उलगडत नाही. एकपदरी वात तेलात पडली की दोन तासांत सैल होते आणि तिची कुंचली होते. बाजारच्या वाती बहुतेक एकपदरीच असतात.

पीळ किती, हा खरा कौशल्याचा भाग. सैल वातीत फटी मोठ्या राहतात, टोकाशी तेल भरपूर येतं, ज्योत मोठी आणि धुरकट होते, पण पातळी खाली गेली की ओढ कमी पडते. फार आवळलेली वात तेल उंच चढवते, पण थेंबाथेंबाने. मग ज्योत लहान राहते आणि टोक कोरडं पडून स्वतःच जळायला लागतं. मधला पीळ ओळखायची खूण अशी: वात बोटांत दाबली तर दबली पाहिजे, सोडली की परत फुगली पाहिजे, आणि दोन टोकं जवळ आणली तर वळसा पडावा पण गाठ पडू नये. नव्या दोरीसारखी ताठ उभी राहिली तर पीळ जास्त झाला. एक-दोन वेढे उलटे सोडा.

खात्री करायची तर वाटीत थोडं तिळाचं तेल घ्या आणि कोरडी वात वरून लोंबत सोडा, खालचं टोक फक्त बुडलेलं. वातीवर तेलापासून तीन सेंटिमीटरवर पेनची खूण करा. तिळाचं किंवा शेंगदाण्याचं तेल पाच ते दहा मिनिटांत खुणेला पोचलं की वात बरोबर. वीस मिनिटं लागली तर पीळ जास्त किंवा कापूस दमट. एरंडेलाला हीच परीक्षा लावू नका. ते या तेलांपेक्षा दहापट आणि जास्तच दाट, तासभर घेतं.

वळताना बोटाला काय लावावं यावर घराघरात मतं आहेत. पाणी लावलं तर वात पुन्हा उन्हात टाकायला हवी. दूध लावू नये. दुधातली साखर आणि प्रथिनं टोकाशी करपून कडक खपली धरतात, आणि नंतर दोष तेलाला जातो. रांगोळी तर मुळीच नको, ती दगडाची भुकटी आहे, फटीत बसली की बसली. चिमूटभर भस्म चालतं. सर्वांत चांगलं म्हणजे ज्या तेलात वात जाणार त्याच तेलाचं बोट. पण तेही शेवटच्या पिळाला, आधी लावलं तर तंतू एकमेकांना चिकटून बसतात.

वळलेल्या वाती लगेच तेलात टाका. किमान चार तास, शक्यतो रात्रभर. पहिले काही क्षण वातीतून बारीक बुडबुडे येतात, ती आत अडकलेली हवा. बुडबुडे थांबेपर्यंत बोटांनी दोन-तीनदा दाबून सोडा. हवा राहिली तर तेलाची धार तिथे तुटते. एकदा तेलाने भरलेल्या वातीला पावसाळी हवेचं भय राहत नाही, म्हणून नऊ दिवसांच्या वाती आधीच करून त्याच तेलाच्या झाकणबंद स्टीलच्या डब्यात ठेवता येतात.

नळी

तुमच्या दिव्यात सर्वांत आधी तपासावी अशी जागा हीच. वात नळीत सहज सरकली पाहिजे. ओढताना जोर लावावा लागत असेल, तर कापूस कितीही चांगला असला तरी नळीत त्याचा गळा दाबला जातो. पाच मिलिमीटरची तेल प्यालेली वात सहा मिलिमीटरच्या नळीत बरोबर बसते. कोरडी असताना सहज गेली म्हणून फसू नका, तेलाने फुगल्यावर बघा. उलट वात फार सैल असेल तर ती घसरून खाली जाते आणि ज्योत नळीच्या तोंडाशी येते. मग पितळ तापतं, नळीतलं तेलही तापतं आणि ज्योत नाचायला लागते.

टोक नळीच्या वर 4 ते 5 मिलिमीटर. काचेवर काजळी धरण्याचं दहापैकी आठ वेळा कारण एवढंच असतं की उजेड जास्त हवा म्हणून कुणीतरी वात सेंटिमीटरभर वर सारलेली असते. जेवढं टोक उघडं तेवढी तेलाची वाफ, आणि काचेच्या आत येणारी हवा मात्र तेवढीच. जळायचं राहिलेलं तेल काजळी होऊन काचेवर जातं. टोक कात्रीने सरळ आडवं कापा. तिरकं कापलं तर ज्योतीला दोन जिभा फुटतात आणि लांब जीभ धुरकटते.

काचेखालची हवेची भोकं मोकळी आहेत ना, तेही बघा. दिव्याखाली फुलं, तांदळाची रास, गुंडाळलेलं वस्त्र मांडलं की भोकं झाकली जातात. ज्योत लालसर आणि आळशी झाली तर आधी तिथे हात घाला.

तेलाबद्दल थोडं

तिळाचं तेल बरोबर आहे, शेंगदाण्याचंही. जवसाचं, करडईचं आणि सूर्यफुलाचं तेल गरम टोकाशी लवकर घट्ट होऊन चिकटतं. जवसाचं तर रंगात घालतात ते त्याच गुणामुळे. त्यांच्यावर वात निम्म्या वेळात बुजते. खोबरेल सर्वांत स्वच्छ जळतं, पण 24 अंशांच्या खाली गोठतं. कोकणात, मुंबईत नवरात्रात अडचण येत नाही, नाशिक-महाबळेश्वरकडे पहाटे येऊ शकते. एरंडेल हळू जळतं म्हणून लोकांना आवडतं, पण ते उभ्या नळीत चढत नाही. त्याला पसरट पणती आणि जाड आखूड वात हवी. त्यात तेल ज्योतीपासून एक सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ देऊ नये. फार तर तिळाच्या तेलात पाव भाग मिसळा. करंजाचं आणि कोकणात उंडीचं तेल पूर्वी दिव्यात जाळायचे. दोन्ही जळतात, पण बंद फ्लॅटमध्ये वास सोसवत नाही.

तळणीचं उरलेलं तेल कितीही गाळलं तरी नको. त्यातलं मीठ, पीठ, हळद आणि तापून दाट झालेला अंश वातीत अडकतो. आणि ‘दिव्याचं तेल’ या नावाने मिळणाऱ्या स्वस्त बाटल्यांवरचं बारीक अक्षर वाचा. खनिज तेल पातळ असतं, ते तुमच्या जाड वातीतून गरजेपेक्षा जास्त चढतं आणि धूर करतं. रॉकेल किंवा पेट्रोल थेंबभरही मिसळायचं नाही. पेट्रोलची वाफ थंड असतानाच पेट घेते, रॉकेलची थोडं तापताच, आणि उघड्या वाटीच्या दिव्यात आग वाटीभर पसरते. चिमणी आणि कंदील वेगळ्या बांधणीचे असतात, ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची टाकी बंद असायची ती उगीच नाही.

नऊ दिवसांना, म्हणजे 216 तासांना, तासाला 5-6 मिली धरून 1.1 ते 1.3 लिटर तेल लागेल. दीड लिटर आणून ठेवा. पण आपल्या दिव्याचा आकडा आपणच काढावा: भरलेला दिवा विझवून, निववून काट्यावर ठेवा, मग दोन तास लावून पुन्हा वजन करा. जितके ग्रॅम घटले त्याच्या निम्मे तासाला. ग्रॅमच्या आकड्यात दहावा भाग मिळवला की मिली झाले.

रात्रीचं वेळापत्रक आणि न विझवता वात बदलणं

रात्री अकराला आणि पहाटे पाचला तेल घालायचं ठरवलं की मधले सहा तास निभतात. बारीक तोंडाच्या पळीने, काचेच्या बाजूने, सावकाश. थंड तेल एकदम ओतलं तर ज्योत डगमगते, म्हणून तेलाचं भांडं दिव्याजवळच असू द्या. अकराला झोपण्यापूर्वी काजळी काढायची. आधी अखंड दिव्यावरून शेजारी एक लहान निरांजन लावून घ्या, म्हणजे हात चुकला तरी ज्योत हाताशी आहे. मग चिमट्याने टोकावरची काळी टोपी हलकेच चिमटून काढा, वात दोन मिलिमीटर वर सारा, टोक पुन्हा 4-5 मिलिमीटरवर आणा. टोपी वाटीत पडू देऊ नका. तेलात पडलेली काजळी तळाशी बसते आणि तीच वातीच्या मुळाशी ओढली जाते.

दुपदरी वात रोज अशी सारत गेलात तर 25 सेंटिमीटरची एक वात चार-पाच दिवस पुरते. टोक फार कमी जळतं, मूळ मात्र तेलातल्या गाळाने हळूहळू बुजतं. पाचव्या दिवशी काजळी काढूनही ज्योत पूर्वीएवढी होत नसेल तर मूळ बुजलं असं समजा आणि वात बदला. एका नळीच्या दिव्यात हे असं करायचं: निरांजनात ज्योत घेतली, काच जाड फडक्याने उचलून बाजूला ठेवली, नवी तेल प्यालेली वात खालून वर नळीत घालताना जुनीच्या खालच्या टोकाला दोऱ्याने बांधून वर ओढून घेतली, आणि निरांजनावरून लावली. ज्योत निरांजनात अखंड राहिली. आजीच्या काळी याला कुणी तोडलं म्हटलं नाही, तुम्हीही मनाला लावून घेऊ नका.

झोपेत दिवा जळणार आहे, म्हणून खाली परात, परातीत बोटभर वाळू. पडदा, कापडी तोरण आणि मखराचा थर्माकोल हातभर लांब.

समई आणि निरांजन

विचारलेलं नाही, पण वाती करायला बसलाच आहात तर.

समईची वात बारीक: अर्धा ग्रॅम कापूस, 15 सेंटिमीटर, साडेतीन मिलिमीटर. समईच्या दांडीवर तेल उतरतं ही सगळ्यांची तक्रार. टोक चोचीवरून खाली झुकून तेलाच्या पातळीपेक्षा खाली गेलं की वात नळासारखी वाहायला लागते, दिवा लावलेला नसला तरी. टोक किंचित वर उचललेलं ठेवा आणि चोचीच्या काठापासून तीन-चार मिलिमीटर कमीच तेल घाला. देव्हाऱ्याखालची ओली सतरंजी बंद होईल. रात्री समई शांत केल्यावर वात चोचीतून मागे तेलात ओढून ठेवा.

फुलवातीला कापूस अगदी थोडा, दहा वातींना एक-सव्वा ग्रॅम. पुंजका तळहातावर रुपयाएवढा पसरा, मधला भाग चिमटीत उचला, अंगठा आणि तर्जनीत एक सेंटिमीटर देठ वळा. खालचं फूल पातळच राहू द्या. जाड ठेवलं तर तूप संपल्यावर ते फूलच पेट घेतं आणि निरांजन काळं होतं. तूप घरी कढवलेलं असेल तर बेरी नीट गाळा, बेरीचा कण करपला की वात तिथेच विझते. लोणी किंवा मीठ घातलेलं बटर वापरू नका. चमचाभर तुपावर अर्धा-पाऊण तास ज्योत राहते. थंडीत तूप पातळ करून घाला, नाहीतर देठाभोवतीचं तेवढं वितळतं आणि बाकीचं दगडासारखं बसून राहतं.

काकड्याला आणि खंडोबाच्या दिवटीला कापसाची वात पुरत नाही, तिथे कापडच. जुन्या, पुष्कळ धुतलेल्या सुती धोतराची पट्टी उत्तम. नवं कापड असेल तर खळ काढायला सोड्याच्या गरम पाण्यात दोनदा धुऊन, साध्या पाण्याने खळखळून, कडक वाळवून मगच पिळा. टेरिकॉटची पट्टी कधीही नको, वितळलेला थेंब दिवटी धरणाऱ्याच्या मनगटावर येतो.

नवरात्र उठल्यावर दिवा तसाच माळ्यावर टाकू नका. नळीच्या आत चिकट पिवळा थर बसलेला असतो, तो वाळला की वार्निशसारखा होतो. दिवा कोमट असतानाच उरलेलं तेल काढा, गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून नळी अर्धा तास भिजवा, जाड सुतळी आरपार घालून मागेपुढे ओढा. सुतळी कोरडी आणि स्वच्छ बाहेर येईपर्यंत करा, मग उन्हात वाळवा. नाहीतर सहा मिलिमीटरची नळी पुढच्या वर्षी साडेपाचची झालेली असते, आणि वात पुन्हा पहाटे तीनला दगा देते.